कात्रीची मंजुरी

काचवालीला अख्ख्या जगाने नावं ठेवली असती तरी चाललं असतं. पण नावं ठेवली ती सख्ख्या नणंदेने, आणि तीही अख्ख्या जगाला वाचता येतील अशा ठिकाणी.

ती बाटल्यांच्या कारखान्यात सॉफ्टवेअर लिहायची, म्हणून प्रकल्पावरचे लोक तिला काचवाली म्हणत. प्रकल्प सगळ्यांना खुला होता. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या कंपन्यांचे इंजिनियर मिळून एकच सॉफ्टवेअर लिहीत, आणि ते कुणीही फुकट वापरावं. काम एवढंच, की यंत्राशेजारी ठेवलेल्या छोट्या संगणकाने, ज्याला सगळे डबा म्हणत, दूरच्या मोठ्या संगणकाला न विचारता जागच्या जागी निर्णय घ्यावा. बाटलीला तडा दिसला की डब्याने ती पट्ट्यावरून बाजूला ढकलायची. नियम मात्र कडक होता. कुणाचाही बदल दुसऱ्या कंपनीच्या माणसाने मंजूर केल्याशिवाय आत घ्यायचा नाही.

काचवालीच्या वाट्याला नेमकी नणंद आली. ती एका दूरसंचार कंपनीत टॉवरच्या बाजूचं काम बघायची, आणि दुसऱ्यांच्या कामाची काटछाट करायची म्हणून प्रकल्पात तिला कात्री म्हणत. भावाकडे आली की भावजयीने घातलेल्या चादरींच्या घड्या उलगडून पुन्हा घालणारी बाई ती, कोड कशाला सोडते!

बदल मोठा होता. टॉवरमार्गे मोठ्या संगणकाशी असलेला संपर्क तुटला तरी पट्टा थांबू नये, डब्याने आपल्या हिमतीवर काम चालू ठेवावं. गुरुवारी कारखान्यात त्याची चाचणी होती. ती फसली तर उत्पादनप्रमुख एका बड्या कंपनीचे कुलूपबंद, आतलं सॉफ्टवेअर कुणालाही बघू न देणारे डबे विकत घेणार आणि काचवालीची छोटी तुकडी मोडणार, हे त्यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. आणि कात्रीने लिहिलं होतं, "तुटल्यावर काय करायचं ते छान लिहिलंय. जुळल्यावरचं काय? नामंजूर."

"जुळल्यावर काय असतं? जुळतं!" काचवाली घरी नवऱ्यापुढे कडाडली. "वन्संना माझं काही धड दिसतच नाही." एरवी ती नणंदेला ताई म्हणायची. वन्सं म्हणाली की पारा चढलाय, हे नवऱ्याला पाठ होतं.

"मी तिचा भाऊ आणि तुझा नवरा," तो म्हणाला. "मला यातलं काहीच कळत नाही." आणि शहाण्यासारखा भाजी चिरायला निघून गेला.

नणंदेला खोटं पाडायचंच, म्हणून दुसऱ्या दिवशी काचवालीने होते नव्हते तेवढे डबे प्रयोगशाळेत मांडले आणि संपर्क तोडला. डबे झकास चालले. मग तिने संपर्क जोडला. साचलेली खबर सांगायला सगळे डबे एकदमच वर बोलू लागले, शाळा सुटल्यावर सगळी पोरं एकाच दारात घुसावीत तसे. कुणाचंच बोलणं पुढे जाईना. वरून उत्तर येईना, आणि उत्तराची वाट बघत एकेक डबा हातातलं काम सोडून बसला. इतके महिने तिने नुसतं तोडून पाहिलं होतं, जोडून पाहायचं सुचलंच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, कारण बाई बरोबर होती.

राग गिळून तिने फोन लावला. "ताई, तुमचं खरं निघालं."

"मग तू कशाला रडतेस? इतके डबे एकदम बोलले असते तर टॉवर माझा बसला असता," नणंद म्हणाली. "डबे रांगेने सोड. ज्याची खबर तातडीची, तो आधी."

"आणि वरून उत्तर येईपर्यंत?"

"तोवर पट्टा त्यांनीच चालवायचा. लगेच हातातलं सोडायचं नाही. तू लिही, मी टॉवरकडून बघते."

काम उघड्यावर चाललेलं, त्यामुळे बघे जमलेच. साता समुद्रापलीकडच्या एका कागद गिरणीतल्या इंजिनियरने, ज्याचं तोंडही दोघींनी कधी पाहिलं नव्हतं, रांग लावायची पद्धत सुधारून दिली. तरी कात्री मंजुरी देईना. "खऱ्या पट्ट्यावर जुळताना बघेन, मग देईन."

गुरुवारी उत्पादनप्रमुखांनी स्वतःच्या हाताने टॉवरकडची केबल उपसली. बाटल्या खणखणत पुढे जात राहिल्या आणि तडा गेलेली तेवढी बाजूला पडत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काचवालीचं लक्ष मात्र प्रमुखांच्या हातातल्या केबलकडे होतं, कारण तिची परीक्षा अजून व्हायची होती.

टॉवरच्या खोलीतून फोनवर नणंद म्हणाली, "जोडू दे त्यांना. घाबरू नकोस, मी आहे इथे."

केबल खोचली. पडद्यावर एक डबा बोलला, मग दुसरा, मग तिसरा. पट्टा जराही अडखळला नाही. प्रमुखांचा विश्वास बसेना. त्यांनी केबल पुन्हा काढली, पुन्हा खोचली, आणखी एकदा काढली, आणि शेवटी स्वतःच हसत सुटले.

"ते कुलूपबंद डबे त्यांनाच लखलाभ," ते म्हणाले.

तेवढ्यात मोठ्या पडद्यावर बदलापुढचं लाल चिन्ह हिरवं झालं. खाली एकच शब्द होता, "मंजूर." काचवालीने भर कारखान्यात हेल्मेटसकट उडी मारली आणि "ताई!" म्हणून फोनमध्ये किंचाळली. इतका आनंद तिला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झालीय, असं नणंदेने सांगितलं.

रविवारी नणंद घरी आली. पलंगावर चादरींच्या घड्या रचून ठेवल्या होत्या. तिचा हात सवयीने वरच्या चादरीकडे गेला आणि तिने तो चटकन मागे घेतला.

"उलगडा ना, ताई," चादरीचं एक टोक हातात घेत काचवाली म्हणाली. "तुम्ही बघितल्याशिवाय कपाटात कशी ठेवू?"