उजेडातली पाचवी

बाळाच्या पाचवीची, म्हणजे सटवाईची पूजा सकाळी अकराला ठेवली होती, कारण त्या वेळी दारातून उजेड चांगला येतो, असं तृप्ती मॅडमचं म्हणणं पडलं.

सटवाई खरं तर दिवेलागणीनंतरची देवी. बाळंतिणीच्या खोलीत येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते, आणि लिहिताना तिला कुणी बघायचं नसतं. तेजस्विनीला हे तिच्या आईनं सांगितलं होतं, देवळ्याच्या घरात, तिची स्वतःची मुलगी झाली तेव्हा. पण आज पेठ तालुक्यातल्या या पाड्यावर देवीलाही मॅडमच्या वेळापत्रकात बसायचं होतं. जेवणानंतर गाडी पुढच्या पाड्यावर जाणार होती.

नाशिकच्या समाजकार्य महाविद्यालयाचे वीसेक विद्यार्थी त्या एका कुडाच्या घरात आणि अंगणात दाटीवाटीनं उभे होते. विषयाचं नाव ‘सांस्कृतिक सक्षमता’. दुसऱ्या समाजात काम करताना आपले पूर्वग्रह दाराबाहेर कसे ठेवायचे, हे शिकवणारा पेपर. तो पेपर बसवला तृप्ती मॅडमनी, त्याच्यावर निबंध वाचायला परदेशात जाऊन आल्याही त्याच. तेजस्विनी त्यांच्या हाताखाली मानसशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि उन्हाळ्यात घरी. पुढच्या आठवड्यात कायम जागेची मुलाखत होती. मुलाखत मॅडमच घेणार होत्या.

“ती टोपी काढा ना,” मॅडम गोड आवाजात म्हणाल्या.

बाळंतीण चैताली भिंतीशी बसली होती. वीस-एकवीसची असेल. मांडीवरच्या बाळाला अंगणवाडीतून मिळालेली पिवळी लोकरीची टोपी होती, वर कार्टूनचं ब्लँकेट.

“थंडी हाय, मॅडम,” चैतालीची सासू भागीबाई म्हणाली.

“पाचच मिनिटं हो. या टोपीनं सगळं दुकानातलं वाटतंय. तुमच्या जुन्या लुगड्याचा तुकडा असेल ना? त्यात गुंडाळा. किती सुंदर दिसेल!”

पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? भागीबाईनं ट्रंकेतून लुगडं काढलं, टर्रकन फाडलं. टोपी निघाली, ब्लँकेट निघालं. खुंटीवरचा मोबाईलचा चार्जर, कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची आणि डेटॉलची बाटली एका मुलीनं आधीच बाहेर नेऊन ठेवली होती. आता घर मॅडमना हवं तितकं जुनं झालं. पाटा मांडला, वरवंट्याला हळद-कुंकू लागलं, शेजारी विळा, कोरा कागद, पेन. पेनावर औषध कंपनीचं नाव होतं, म्हणून ते उलटं ठेवलं गेलं.

सकाळी घाटात मुलांनी वडापाव खाऊन कागद दरीत भिरकावले तेव्हापासूनच तेजस्विनीला मळमळत होतं. आधी वाटलं, गाडी लागली. आता कळलं, गाडी नव्हे.

पाड्यावर आल्यापासून तिची नजर बाळावरच होती. कुठलंही बाळ दिसलं की तिचं असंच व्हायचं. गंगापूर रोडला सासूबाईंजवळ ठेवून आलेली स्वतःची पोर आठवायची, तिनं दूध प्यायलं असेल का, अंगावर पांघरूण असेल का. नवरा म्हणायचा, तू झोपेतसुद्धा पहारा देतेस. पण मागच्या हिवाळ्यात पोरीला न्यूमोनिया झाला तेव्हा तो ओळखला तिनंच.

म्हणून, लुगड्याचा पदर बाजूला झाला आणि बाळाची छाती उघडी पडली तेव्हा तिनं जे पाहिलं त्यात तिला शंका उरली नाही. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. मूल रडत नव्हतं. एवढी माणसं, एवढा गलका, कपडे काढलेले, आणि ते रडत नव्हतं; नुसतं बारीक कण्हत होतं.

ती पुढे सरकली, बाळाच्या पावलाला बोट लावलं. पाऊल गारढोण.

“दूध पितंय का?” तिनं हळूच विचारलं.

“काल रातीपासून नाय ओढत,” चैताली म्हणाली. आणि लगेच मॅडमकडे बघून गप्प झाली, वर्गात मध्येच बोलल्यासारखी.

तेजस्विनी मॅडमच्या कानाशी गेली. “मॅडम, बाळ बरं नाही. श्वास बघा त्याचा. लगेच दवाखान्यात न्यायला हवं.”

मॅडमनी बाळाकडे पाहिलंच नाही. तेजस्विनीकडे पाहिलं, आणि मग, हीही शिकवण्याची संधी म्हणून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बघा हं मुलांनो. तेजस्विनी मॅडमना लहान मूल आहे. त्यांना स्वतःच्या मनातली भीती इथं दिसतेय. याला मानसशास्त्रात काय म्हणतात?”

“प्रक्षेपण!” दोन-तीन जण एकदम ओरडले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. हे उत्तर त्यांना तेजस्विनीनंच शिकवलं होतं.

“अगदी बरोबर. आपण इथं पाहुणे. आपलं शहरी घड्याळ, आपला शहरी डॉक्टर यांच्यावर लादायचा नाही. हा त्यांचा विधी आहे. तो पुरा होऊ द्यायचा.”

तेजस्विनी गप्प बसली. खरंच बसली. कारण क्षणभर तिला वाटलं, असेलही. आपण दर सर्दीला कॅन्सर शोधणाऱ्या. आणि पुढच्या आठवड्यातली मुलाखतही त्या क्षणात होतीच, नव्हती असं नाही.

मॅडम पाट्याजवळ मांडी घालून बसल्या. वारली चित्रांची ओढणी नीट केली. मोबाईल लावलेली काठी एका मुलीच्या हातात दिली आणि चैतालीकडे वळल्या.

“तुझं नाव काय गं?”

“चैताली.”

“हे शाळेतलं. घरातलं, तुमच्या समाजातलं नाव?”

“चैतालीच.”

“बरं.” मॅडमचा चेहरा किंचित पडला. “मला सांग, तुमच्यात बाळ आजारी पडलं की काय करतात?”

“दवाखान्यात नेतात.”

“ते झालं. पण त्याच्या आधी? पारंपरिक? भगत, अंगारा, काही?”

चैतालीनं विचार केला. या बाईला नक्की काय हवंय ते तिला देता आलं असतं तर तिनं दिलं असतं. “आधी गाडी बघतात,” ती म्हणाली.

अंगणात हशा पिकला. मॅडमही हसल्या. “गाडी नाही मिळाली तर?”

“मिळते. आज सांगितलेलीच व्हती. खालच्या पाड्यावरनं जीप आलेली सकाळी.”

“मग?”

“मग तुमचा फोन आला ना खालच्या शाळेतल्या सरांना. बाळंतीण आन् बाळ घरातच पायजे म्हणून.” तिनं सासूकडे पाहिलं. “आत्या म्हणली, लांबनं लोक येतात, पूजा बघून जातील, मग जाऊ. जीप परत लावली.”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. भागीबाईला वाटलं, आपलं काही चुकलं. ती घाईनं म्हणाली, “पाचवी तं आमची झाली परवा. रातच्याला, रीतीपरमान. ही तुमच्यासाठी पुन्ना मांडली, मॅडम. काय कमी असंल तं सांगा.”

म्हणजे विधी झालेला होता. देवी येऊन गेली होती, लिहून गेली होती. आणि मग या लोकांनी, ज्यांच्या गळ्यात महाविद्यालयाची ओळखपत्रं होती, त्यातलं एक तेजस्विनीच्याही, एका तापलेल्या, नव्हे, थंड पडत चाललेल्या जिवाला दवाखान्याच्या वाटेवरून माघारी बोलावलं, टोपी काढून, चांगल्या उजेडासाठी. तिला स्वतःच्या अंगाची शिसारी आली. मॅडमच्या अंगाचा अत्तराचा वास, मुलांच्या बुटांखाली चेंदलेला शेणाचा सडा, मोबाईलच्या पडद्यावरचा चित्रीकरणाचा तो बारीक लाल ठिपका, सगळ्याचीच.

तिनं पाट्यावरून पाय पलीकडे टाकला. वरवंटा कलंडला. कोपऱ्यात टाकलेली पिवळी टोपी उचलून बाळाच्या डोक्यात घातली, ब्लँकेट झटकलं.

“चैताली, याला पोलक्याच्या आत घे, छातीला लावून. वरून हे. ऊठ. आत्या, तुम्हीही चला.”

“तेजस्विनी!” मॅडम उठल्या. “काय करते आहेस? पूजा मोडलीस तू यांची!”

“यांची परवाच झाली, मॅडम.”

“गाडी विद्यार्थ्यांसाठी आहे. मी परवानगी दिलेली नाही. अँब्युलन्सला फोन कर.”

“इथं रेंज नाय,” भागीबाई म्हणाली. “टेकाडावर जावं लागतं.”

गाडीचा चालक धोंडीराम घोटीचा, अंगणाच्या कडेला तंबाखू मळत उभा होता. तेजस्विनी बाळंतिणीला धरून बाहेर आली आणि मागून मॅडम, तेव्हा त्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

“धोंडीरामदादा, पेठच्या सरकारी दवाखान्यात. लवकर.”

“धोंडीराम, गाडी हलवायची नाही!”

धोंडीरामनं तंबाखू तोंडात न टाकता झटकून दिली. “मॅडम, पगार तुमचा, मान्य. पण उद्या माझी म्हातारी विचारल, गाडी उभी असून तू काय करत व्हता रं? तिला काय सांगू, मॅडम पिच्चर काढत व्हत्या?” आणि तेजस्विनीला म्हणाला, “ताई, मधल्या शिटावर बसवा. मागं लय आदळतं.”

रस्ताभर तेजस्विनीनं चैतालीच्या पदरात हात घालून बाळाच्या पाठीला बोटं लावून ठेवली होती. मध्येच कण्हणं थांबायचं, आणि तिचाही श्वास थांबायचा. मग पुन्हा बारीक आवाज यायचा. भागीबाई मागून पुटपुटत होती. देवीला विनवत असावी, किंवा जीप परत लावली म्हणून स्वतःलाच शिव्या देत असावी.

दवाखान्यात बाळाला लगेच आत घेतलं. ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण होता, फार बोलला नाही. छातीत जंतुसंसर्ग, अंग थंड पडलंय, आधी ऊब देऊ, सुधारलं नाही तर नाशिकला पाठवू, एवढं सांगून तो परत आत गेला.

बोलली ती परिचारिका. चैतालीच्या कपाळावरचं ओलं कुंकू, हातावरची हळद बघून तिचं डोकंच फिरलं.

“आत्ताच पूजा करून उठलात वाटतं? रात्रीपासून पोर दूध घेईना आणि तुम्ही देवदेव करत बसलात? किती वेळा सांगायचं गं तुम्हा लोकांना? शिकलेली दिसतेस तू तर.”

चैताली मान खाली घालून उभी राहिली. भागीबाईही. कुणी शहरातलं रागावलं की ऐकून घ्यायचं, हे त्यांनी केव्हाच शिकून ठेवलं होतं, कुठल्याही पेपराशिवाय.

“ती पूजा त्यांची नव्हती, सिस्टर,” तेजस्विनी म्हणाली. “आमची होती.”

“म्हणजे?”

तेजस्विनीनं सांगितलं. जीपचं, फोनचं, टोपीचं. एकही शब्द मऊ केला नाही. सांगता सांगता तिला परिचारिकेच्या चेहऱ्यावर तीच किळस उमटताना दिसली जी सकाळपासून तिच्या स्वतःच्या मनात साचत होती. फरक इतकाच, की आता परिचारिका तेजस्विनीच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत होती. तेजस्विनीनं नजर वळवली नाही. ती किळस तिच्या वाट्याला यायलाच हवी होती.

“बसा गं माई,” परिचारिका चैतालीला म्हणाली. आवाज बदलला होता. “बोलावते मी.”

वाटेत रेंज येताच मॅडमनी तेजस्विनीला फोन केला. धोंडीराम त्यांना आणि मुलांना आणायला परत गेला होता.

“कसं आहे बाळ? बरं ऐक, मी शांत झालेय. तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. उलट बघ, शेवट किती छान होतोय! परंपरा, आणि मग आपल्या टीमचा वेळेवर हस्तक्षेप. आम्ही पोचतोच आहोत. बाळाच्या आईला जरा बाहेर आणून ठेव, दोन वाक्यं घेऊ. ते जीपचं वाक्य काढून टाकलं की बाकी सगळं उत्तम आहे. तुला मुलाखतीतसुद्धा उपयोगी पडेल.”

“इथं येऊ नका, मॅडम.”

“काय?”

“येऊ नका. आणि ते वाक्य काढलंत तर मुलाखतीत मी तेच तोंडी सांगेन. समितीसमोर.”

“तेजस्विनी, तुला तुझ्या जागेचं काही—”

तिनं फोन बंद केला. घरी काय सांगायचं, उन्हाळ्यात काय करायचं, सगळं एका झटक्यात डोळ्यांपुढून गेलं. गेलं तर गेलं, असं काही तिला वाटलं नाही.

दार उघडलं. “बाळाची आई? चला, दूध काढून द्यायचंय. नळीनं पाजू. रंग जरा बरा दिसतोय आता.”

चैताली उठली, दाराशी थबकली, वळून म्हणाली, “मॅडम रागावल्या असतील ना, ताई? पूजेतलं आत्यांचं गाणं राहूनच गेलं. त्या आल्या तं सांगा, येते मी बाहेर. दोन मिन्टं काय व्हतं?”

तेजस्विनीला भडभडून आलं. या पोरीचं मूल आत नळीला जोडलेलं, आणि हिला पाहुण्यांच्या कार्यक्रमाची काळजी.

“तू बाहेर यायचं नाहीस,” ती म्हणाली. “कुणीही बोलावलं तरी. तू त्याच्याजवळ थांब.”

चैताली आत गेली. तेजस्विनीनं बाकडं ओढून बरोबर दारासमोर लावलं, भागीबाईला शेजारी बसवलं. थोड्या वेळानं आवारात गाडी थांबली, दारं आपटली, मुलांचा गलका झाला. त्याच्या वरताण मॅडमचा आवाज आला, “आवाज नको हं, दवाखाना आहे. कॅमेरा चालू ठेवा.”

ओढणी सावरत मॅडम ओसरीवर चढल्या आणि सरळ दारापर्यंत आल्या. तेजस्विनी त्यांच्यासाठी रोज उठून उभी राहायची. आज ती उठली नाही.