एकदम दोन पानं

"ताई, चिमणीचं बोट दारात चेमटलं!" भाऊ फोनवर ओरडला. "सात वाजता कार्यक्रम आहे. पियानोवर तू बस."

"वेड लागलंय का तुला?"

वेडच की! अकरा वर्षं मी स्टेजवर पाऊल ठेवलं नव्हतं. त्याआधी आमचं तिघांचं जमलेलं होतं: भाऊ चेलोवर, भावजय व्हायोलिनवर आणि मी पियानोवर. वाजवताना स्वरलिपीची पानं उलटायला शेजारी कुणी बसलेलं मला खपत नसे. माझं मीच करणार! मग एका कार्यक्रमात, शेवटच्या भागात, घाईत एकदम दोन पानं उलटली. हात थांबले. ती दोघं बिचारी वाजवत राहिली आणि मी भर सभागृहात मख्खासारखी बसले. तेव्हापासून मी फक्त शिकवते. माझी जागा चिमणीला दिली. ती माझी सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी, आणि सगळ्यात जास्त बोलणीही तिनंच खाल्लेली.

"रचना कुठली?" मी विचारलं.

"तीच."

आज पुन्हा थांबले, तर या दोघांना तोंड कसं दाखवू? पण खरं सांगू, हात शिवशिवायलाही लागले होते.

सहाला हॉलवर पोचले. चार सूर वाजवून बघितले. "कसल्या जड पट्ट्या या!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," भाऊ म्हणाला. मेला माझीच म्हण मला ऐकवत होता.

तेवढ्यात चिमणी आली. उजव्या हाताला हे एवढं बँडेज. "बाई, पानं मी उलटते. डावा हात धड आहे माझा."

नको म्हणायला तोंड उघडलं, पण तिचे रडवेले डोळे बघून शेजारी खुर्ची ओढून दिली. पुस्तकही तिचंच होतं, माझ्या लाल पेन्सिलीनं रंगलेलं. 'घाई नको.' 'श्वास घे!' 'खांदे खाली!!' हेच अकरा वर्षं किती पोरांना ओरडून सांगितलं, देव जाणे.

सात वाजले. भावजयीनं माझ्याकडे बघून श्वास घेतला आणि सुरू झालो. अहाहा! पहिला भाग संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी चक्क हसतेय! दुसरा भाग तर हा हा म्हणता सरला. मग शेवटचा. ते पान जवळ आलं. चिमणी उठली, कोपरा धरला, उलटला.

एकदम दोन पानं!

तिच्या तोंडचं पाणी पळालं. चिकटलेली पानं एका हातानं सुटेनात. भाऊ चेलोवरून डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता. आणि मी? मी वाजवत होते! समोर भलतंच पान, पण हात बरोबर तिथेच चालले होते. दर आठवड्याला कुणा ना कुणाला हेच पान शिकवत आले होते ना मी. स्वतःसाठी कधी वाजवलं नाही, तरी सूर न् सूर माझ्या हातात बसला होता.

चिमणीचे खांदे पार कानांपर्यंत गेले होते. शेवटी एकदाची पानं सुटली.

"असू दे गं," मी वाजवता वाजवताच पुटपुटले. "खांदे खाली!"