क्रेस्टेनचा बांध

व्हर्जिन नदीनं सातव्यांदा बांध खाल्ला तवा क्रेस्टेन कमरेइतक्या लाल गाळात उभा राहून उरलेसुरले खांब उपटत होता. काठावरनं त्याची बायको मारेन वरडली, "ऱ्हाऊ दे की आता! शेजारच्या झिम्रीभाऊची गाडी निघाली बघ उत्तरंला. त्याला मोकळीक मिळाली. आपल्याला कवा?"

क्रेस्टेननं पुढचा खांब उपटला. सॉल्ट लेकहून, चर्चच्या मोठ्या गादीकडनं, बोलावणं आलं म्हणून ही माणसं या तापल्या मुलखात कापूस पिकवायला आलेली. गावच्या बिशपनं मोकळीक दिल्याबिगर हलायचं नाही. कुणी तसाच उठून गेला, तर भाऊबंद त्याला दारात उभं करत नसत. आठ वर्षांत निम्मं गाव रीतसर मोकळं होऊन गेलं. क्रेस्टेनला मात्र कुणी सोडेना. डेन्मार्कात, समुद्राकाठी, बापानं त्याला फांद्या विणून बांध घालायला शिकवलं होतं. ती कला गावात दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हती. चालत्या बैलालाच पराणी, तसं झालं.

त्याच दिवशी तो बिशप अल्फियसच्या अंगणात गेला.

"बिशप, मारेनचं थंडीतापानं पार चिपाड झालंय. सोडा आमाला."

बिशप मनानं चांगला माणूस. डोळे पुसत म्हणाला, "क्रेस्टेनभाऊ, तू गेलास की पाटाचं पाणी गेलं. पाणी गेलं की गाव उठलं. कसा सोडू, तूच सांग."

घरी, म्हणजे जमिनीत अर्ध्या पुरलेल्या गाडीच्या खोक्यात, मारेन काकवीत भाकर बुडवत म्हणाली, "तुझ्या हाताचा गुण हाय म्हून अडकलोय आपण. एकदा वंगाळ काम कर. मग कोण धरून ठेवतंय?"

"बापानं शिकवलेलं काम नासवू?"

"मग मला हितंच पूर."

नव्या बांधाच्या उगवतीच्या कोपऱ्यात त्यानं धोंडे घातलेच नाहीत. नुसत्या वाळुंजाच्या फांद्या कोंबल्या, वरनं माती थापली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

जुलैत वर डोंगरात ढग फुटला. भर दुपारी नदी हंबरत आली. मुळासकट उपटलेली झाडं, मेलेली जनावरं, सगळं घेऊन. तो सैल कोपरा पहिल्या धक्क्यालाच उडाला आणि पुराचं सगळं बळ त्या भगदाडातनं निघून गेलं. गेलं ते थेट क्रेस्टेनच्या कापसावरनं. बोंडासकट रान धुऊन निघालं. बाकीचा बांध मात्र जागचा हालला नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा.

गाव धावत आलं. बिशपनं त्याला मिठीच मारली.

क्रेस्टेनला राहवलं नाही. "बिशप, खरं सांगतो. तो कोपरा म्या मुद्दाम सैल ठिवला हुता."

"ठावं हाय रं मला!" बिशपनं त्याचे खांदे धरले. "गाव वाचावं म्हून पूर सोताच्या रानात घेतलास. आन वर सांगायला लाजतोस!"

"तसं न्हवं, बिशप..."

"गप. किती लहानपण घेशील?"

क्रेस्टेननं मारेनकडं बघितलं. ती भुईकडं बघत होती.

रविवारी सभेत बिशप उभा राहिला. "क्रेस्टेनभाऊला आपण जलमभराचा बांधकरी नेमू. कबूल आसंल त्यानं हात वर करा." सगळे हात वर गेले. रिवाजापुरतं त्यानं विचारलं, "विरोधात कुणी?"

एक हात वर आला. मारेनचा. सगळी डोकी तिच्याकडं वळली.

"मारेनभैन? तुमी?"

"आठ सालं म्या खोक्यात काढली," मारेन उठून म्हणाली. तापानं तिचा आवाज कापत होता, पण तिनं बसून घेतलं नाही. "माझा दादला तुमाला जलमभर पायजे. मग मला दगडाचं घर पायजे. दोन खोल्या. खाली फळ्यांची जमीन. थंडीच्या आत. ते कबूल आसंल त्यानं करावा हात वर."

बिशपनं आपला हात आधी वर केला. मग एकेक करून सगळ्यांनी.

बाकीच्यांचा कापूस वेचून झाल्यावर गाव राबलं आणि घर उभं राहिलं. पहिल्या दिवशी मारेन नव्या फळ्यांवरनं या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत चालली. क्रेस्टेन दारातच घुटमळला. "झालं न्हवं मनासारखं?"

"मनासारखं उत्तरंला ऱ्हायलं," ती म्हणाली. "ह्ये ऱ्हाण्यासारखं झालं. पाय पूस आन आत ये."