बरगड्यांखालचा पडदा

पांढऱ्या कोटाचं मधलं बटण... पाची बटणांत हेच निळ्या दोऱ्यानं टाचलेलं, घाईघाईत – त्याच्या डोळ्यांपुढे हलत होतं, आणि फिजिओथेरपिस्ट मुलीची बोटं, गादीखाली किल्ली चाचपावी तशी, त्याच्या बरगड्यांच्या काठाखाली शिरत होती. इथे श्वासाचा पडदा असतो, तो आखडला की अंग वाकत नाही, असं तिनं समजावलं होतं. असेल. जन्मभर आपल्यात एक पडदा टांगलेला होता आणि तो कुणी झटकलासुद्धा नाही, याची त्याला जरा लाजच वाटली.

"काका, सोडा श्वास. धरून काय ठेवलाय?"

धरूनच तर ठेवला होता... रेडिओच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रक म्हणून पहिल्यांदा बसला त्या दिवशीच साहेबांनी बजावलं होतं, तुझा श्वास टेपवर आला तर तू घरी. तेव्हापासून नाटकातला नायक मरू लागला, की त्याच्याआधी याचा श्वास बंद. पुढे घरीही तेच. बायको बोलू लागली की हा, ध्वनिमुद्रण चालू असल्यासारखा, गप्प. तिला वाटे, किती मन लावून ऐकतात.

वाकता येईनासं झाल्यापासून रोज सकाळी ती पायाशी बसून त्याला मोजे चढवते. "एवढा मोठा घोडा, आणि मोजे घालायला बायको," म्हणते. मोजा चढला तरी तिचा हात घोट्यावर क्षणभर तसाच... हे तिच्या लक्षात आहे की नाही, विचारायची सोय नाही. आणि बरा झालो तर हा हात?

बोटं आणखी खोल गेली. आत कुठेतरी ओल्या चादरीची घडी उलगडली. छत हळूहळू दूर सरकलं, पाठीखालचं टेबल पाण्यावर तरंगू लागलं... मुलीनं उठवून बसवलं, वाका म्हणाली. गुडघ्यांशीच थांबायचं त्यानं ठरवलं होतं, पण देहाला लबाडी कुठे जमते – हात नडग्यांवरून घसरत गेले आणि पायांच्या अंगठ्यांना टेकले. त्यानं ते चोरासारखे मागे घेतले. मुलगी पाठमोरी हात धूत होती.

दारात बायको. "वाकता येतंय का हो?"

सवयीनं तो श्वास धरायला गेला. धरता येईना. तो सुटला, मोठ्यानं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा.

"काही म्हणालात?" ती जवळ आली.

नाही, अजून नाही... पण आत एवढी जागा झाली होती, की एखादं वाक्य तिथं पाय पसरून बसलं असतं. कोणतं ते कळेना, आणि न कळण्याची भीतीही वाटेना.