वरच्या फळीवरचा दाखला

तीस वर्षांची नोकरी आवरायला कामिनी उमाठे मॅडमच्या हातात एक सकाळ होती. एप्रिलची तीस तारीख, शाळा सकाळपाळीची, दहाला निरोप समारंभ, आणि त्याआधी दहावी ‘ब’च्या वर्गातली लोखंडी आलमारी रिकामी करून तिचा चार्ज नव्या अश्विन सरांना द्यायचा. खरं तर अजून सहा वर्षं उरली होती, पण मॅडमनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कोणी कारण विचारलं की त्या फाडकन सांगत, “मी भूगोल शिकवायला आले होते. दहा वर्षं झाली, नुसती माहिती भरते आहे.” मनीषनगरला त्यांच्या भावजयीची रोपवाटिका होती. जूनपासून तिथे बसायचं ठरलं होतं.

मॅडम कागदाच्या बाबतीत भारी कडक. शाळेत कुठलाही कागद दिसेनासा झाला की मुख्याध्यापक मार्तंड सर म्हणत, उमाठे मॅडमना विचारा. या गोष्टीचा मॅडमना अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवून ठेवला नाही. आताही त्या मोठ्या आवाजात यादी वाचत होत्या आणि अश्विन सर बिचारे खाली मान घालून कागदावर खुणा करत होते. नकाशे अकरा, पृथ्वीगोल एक, तोही कुठे पोचा न पडलेला.

तेवढ्यात बाबाराव शिपाई रिकामी खोकी घेऊन आला. “मॅडम, तुमच्यासाठी तर्री-पोहे होऊन राहिले,” तो म्हणाला. “कौसल्या सकाळी सहापासून भिडली हाये. पण दहाले जातो म्हणते. मेघाची आज आखरी तारीख हाये ना.”

“त्यांचा तो दाखला सापडला का?” मॅडमनी आवाज अगदी सहज ठेवत विचारलं.

“कायचा सापडते! जात पडताळणीवाले साहेब म्हणते, मूळ कागद आणा, झेरॉक्स चालत नाही. साडेअकराले बलावलं हाये. आज नाही देल्ला तं पोरीची नर्सिंगची सीट गेली समजा.”

मॅडम ‘च्च’ म्हणाल्या आणि पुढची वस्तू वाचू लागल्या.

कौसल्या गजभिये शाळेत खिचडी शिजवते. तिची मुलगी मेघा तीन वर्षांपूर्वी मॅडमच्याच वर्गात दहावीला होती. त्या वर्षी जातीच्या प्रमाणपत्रांसाठी शाळेतच शिबिर भरलं आणि वर्गशिक्षकांनी मुलांकडून घरचे जुने कागद गोळा केले. मेघाने आजोबांचा दाखला आणला होता. देवराव गजभिये १९४८ साली सावनेरकडच्या एका खेड्यात शाळेत गेले, त्याचा तो दाखला. त्या शाळेची जुनी रजिस्टरं केव्हाच वाळवीने खाल्ली, म्हणून दुसरी प्रत निघायची सोय नव्हती. देवरावांनी तो कागद सत्तर वर्षं डब्यात, कापडात, मग प्लास्टिकमध्ये बांधून सांभाळला होता. शिबिर संपलं, कागद परत वाटले, कौसल्येने बंद पाकीट घेऊन सही केली. महिनाभराने ती धावत आली, की पाकिटात बाकी सगळं आहे, मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, दाखलाच नाही.

मॅडमनी रजिस्टर काढून तिच्यापुढे आपटलं. सही होती. विषय संपला. ती दारातून हलेना तेव्हा मॅडम चिडल्या आणि ऑफिसात सगळ्यांदेखत म्हणाल्या, “यांच्या घरात कागद टिकतच नाहीत, आणि नाव आमचं!” त्या दिवसापासून कौसल्या मॅडमशी कामापुरतंही बोलली नव्हती. चहा मात्र रोज वेळेवर देत होती.

सव्वानऊला मॅडम स्टुलावर चढल्या. वरची फळी तेवढी राहिली होती. तिथल्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांनी खाली दिल्या आणि फळीवर अंथरलेला पेपर एका हाताने ओढला.

घरी काय आणि शाळेत काय, मॅडमची एक सवय होती. फार महत्त्वाचा कागद त्या फायलीत ठेवत नसत, फळीवर अंथरलेल्या पेपराखाली सरकवत. फाईल कोणीही उघडतं, पेपर कोण उचलतं? खरंच कोणी उचलला नव्हता. पेपराखाली एक पारदर्शक पाकीट होतं, त्यात चार घड्यांचा तपकिरी कागद, आणि वर मॅडमच्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी: ‘गजभिये. फार जीर्ण. पंच करू नये. जपून ठेवणे.’

मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांनी आलमारीचं दार घट्ट धरलं.

“काय सापडलं, मॅडम?” खालून अश्विन सरांनी विचारलं.

“काही नाही. जुनं रद्दीतलं.”

किती पटकन आलं तोंडात! पाकीट पदराआड धरून त्या खाली उतरल्या आणि पर्समध्ये कोंबलं. आता सगळं लख्ख आठवत होतं. कागद हातात धरला तर तुकडे पडतील असा होता, म्हणून त्यांनीच तो गठ्ठ्यातून वेगळा काढला होता. चांगल्या मनाने काढला होता, अगदी काळजीने. आणि मग साफ विसरल्या होत्या.

“पुढचं सांगा, मॅडम,” अश्विन सर म्हणाले.

“पाच मिनिटं थांबा. पाणी पिऊन येते.”

पाणी कसलं पितात! व्हरांड्यातल्या घड्याळात नऊ पंचवीस झाले होते. त्या दोनदा जिन्यापर्यंत गेल्या आणि परतल्या. कागद तर द्यायलाच हवा होता, त्याबद्दल त्यांच्या मनात किंतु नव्हता. मॅडम वाईट बाई नव्हत्या. पण अर्ध्या तासाने हॉलमध्ये शाल, श्रीफळ, मार्तंड सरांचं भाषण. तीस वर्षांत एक दिवस, फक्त एक दिवस आपल्यासाठी, आणि नेमकं आजच? लोक काय म्हणतील, आणि आयुष्यभर तेवढंच म्हणत राहतील. मॅडम स्वतःवर चिडल्या, मग कौसल्येवर चिडल्या, मग त्या पेपरावर चिडल्या.

आणि मग त्यांना सुचलं. कागद मिळाला म्हणजे झालं ना? कोणाकडून मिळाला, याच्याशी साहेबाला काय करायचंय?

त्यांनी पाकिटातून चिठ्ठी काढली आणि बारीक तुकडे करून टाकून दिली. पाकीटही शाळेचं होतं, तेही काढलं. उघडा दाखला वहीत धरून त्या स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या. गॅसवर पोह्यांवर ओतायची लाल तर्री रटरटत होती, पोहे भिजवून परातीत काढले होते, कौसल्या बाहेर नळावर गेली होती. खिळ्याला तिची कापडी पिशवी टांगलेली. पिशवीत डबा, छत्री, मेघाच्या कागदांची फाईल. मॅडमनी पिशवीत हात घातला. फाईलचं झाकण बटणाचं होतं, ते एका हाताने उघडेना.

“काय पाहून राहिल्या, मॅडम?”

दारात कौसल्या पाण्याची बादली घेऊन उभी होती. मॅडमनी हात बाहेर काढला आणि हातात दाखला तसाच राहिला.

कौसल्येने बादली खाली ठेवली. तो कागद तिने लांबूनच ओळखला. “हा… हा माझ्या पिशवीत होता?”

नाही म्हणायला एक क्षण होता. मॅडमनी तो घालवला. “हो. म्हणजे… इथंच दिसला मला.”

कौसल्या मटकन खाली बसली. तिने पिशवीकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडे. “म्हंजे मामाजी खरं बोलत होते. मीच गवावला. तीन वर्सं ते म्हणून राहिले, तूच ठेवला कुठीतरी, अन् मी भांडून राहिली त्याइच्यासंग.” ती रडत नव्हती, नुसती बोलत होती, आणि ते ऐकवत नव्हतं. “तुमच्यावरबी आळ घेतला मी. माफ करा मॅडम, माह्यी चूक झाली.”

असं म्हणून तिने वाकून मॅडमच्या पायाला हात लावला.

मॅडम एवढ्या जोरात मागे सरल्या की परात हलली. शरम म्हणजे काय हे त्यांना बावन्नाव्या वर्षी कळलं, आणि ते अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं कळलं. “उठ, कौसल्या. पाया पडू नको माझ्या. तो तुझ्याकडे नव्हता. माझ्या आलमारीत होता. वरच्या फळीवर, पेपराखाली. मीच ठेवला होता.”

कौसल्या उठली. तर्री उतू जायला आली होती, तिने गॅस बंद केला. मग हळूच विचारलं, “मंग माझ्या पिशवीत काय करून राहिल्या होत्या?”

मॅडमनी दाखला तिच्यापुढे धरला. कौसल्येने आधी दाखल्याकडे, मग खिळ्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, आणि तिला समजलं.

“त्या दिवशी मी दारात उभी होती,” कौसल्या म्हणाली. “आमच्या घरी तं भिताडंबी खरवडून पाह्यले आमी. तुमी पाह्यलं होतं का मॅडम, आलमारीत?”

बाहेर ऑटोचा भोंगा वाजला. दहा वाजले होते. कौसल्येने दाखला दोन्ही हातांनी घेतला, फाईलमध्ये सपाट ठेवला आणि पिशवी खांद्याला लावली. “चाला,” ती म्हणाली. “आता मामाजीले सांगा. मले नका सांगू.”

मॅडम तिच्यामागून फाटकापर्यंत गेल्या. ऊन आताच तापलं होतं. ऑटोत मागे पांढरं धोतर नेसलेले देवराव बसले होते, शेजारी मेघा. मॅडमना पाहून मेघा खाली उतरायला लागली, सवयीने. “बस, बस,” मॅडम म्हणाल्या आणि ऑटोच्या दांडीला धरून वाकल्या. “बाबा, मी उमाठे. मेघाची मॅडम. तुमचा दाखला माझ्याकडे होता. माझ्या आलमारीत. आज सापडला. कौसल्येने हरवला नव्हता.”

मेघाच्या तोंडून “आई!” एवढंच निघालं आणि तिने फाईल ओढून घेतली. म्हाताऱ्याने फाईलकडे पाहिलंही नाही.

“तीन वर्सं,” देवराव म्हणाले. “तीन वर्सं मी इच्या हातचं जेवलो नाही, मॅडम. पोरीनं ताट वाढलं तंच जेवलो. घरात चालत्या-फिरत्या बाईसंग बोललो नाही.” ते कष्टाने आत सरकले आणि आपल्या शेजारची जागा हाताने झाडली. “कौसल्या. इकडे ये वं. माझ्याजवळ बस.”

कौसल्येने त्या जागेवर पिशवी ठेवली. “मी समोर बसते, मामाजी. उशीर होऊन राहिला.” आणि ती ऑटोवाल्याच्या बाजूला अर्ध्या सीटवर बसली. देवराव पिशवीवर हात ठेवून बसून राहिले.

ऑटो सुरू होताना तिने मान बाहेर काढली. “मॅडम, आत सगळे बसून आहेत. त्याइच्यासमोर बोलल्या होत्या तुमी. मी तिथं नाही, तरी सांगजा.”

हॉलमध्ये कूलर घरघरत होता. मार्तंड सरांचं भाषण रंगात आलं होतं. मॅडम आत आल्याबरोबर त्यांनी हात पसरले, “या, या! तर मी सांगत होतो, तीस वर्षांत या बाईंच्या हातून शाळेचा एक कागद गहाळ झाला नाही!” टाळ्या पडल्या. टेबलावर शाल घडी करून ठेवली होती. मॅडमनी खुर्चीत न बसता सरळ माईक घेतला आणि सगळं सांगितलं. पेपराखालचं पाकीट, फाडलेली चिठ्ठी, कौसल्येची पिशवी, सगळं. बाबाराव पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच उभा राहिला.

मार्तंड सर घाईने उठले. माणूस चांगला, त्यांनी लगेच सुटकेची वाट काढून दिली. “अहो मॅडम, होते चूक. एवढ्या कागदांच्या गर्दीत नसेल आठवलं. शोधलं असेलच तुम्ही तेव्हा, नाही सापडला. चालायचंच.”

“नाही, सर,” कामिनी मॅडम म्हणाल्या. “शोधला नव्हता. कौसल्याताई दारात उभी राहून म्हणत होती, एकदा आलमारी पाहा. किल्ली माझ्या कमरेलाच होती. मी उघडलीसुद्धा नाही. या लोकांनीच हरवला असणार, हे मला न पाहताच माहीत होतं. तसं मी ऑफिसात बोलले, आणि तुम्ही सगळे हसला होतात.”