खोकला गाळलेला आवाज

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना रेकॉर्डर आहे, मुठीत मावेल एवढा. आता अंगाचे टवके उडालेत, बॅटरीचा भरवसा नाही; पण एके काळी माझा काय थाट होता!

कुठल्याशा कारखान्यात घडलो, ते सोडा. खरं आयुष्य सुरू झालं रामदासपेठेत, दामिनीताईंच्या हाती पडल्यावर. ताई विज्ञान पत्रकार. दिवसभर डॉक्टरांची, कामगारांची बोलणी माझ्यात भरायच्या आणि परतीच्या बसमध्ये मला तोंडाशी धरून स्वतःच्या विज्ञानकथा सांगायच्या. त्यांच्या एका कथेत मंगळावर बायकांचं न्यायालय होतं. तिथं बाईनं 'दुखतंय' म्हटलं की कुणी पुरावा मागत नसे. त्या कथेला बक्षीस मिळालं, तेव्हा मीही उगाच भाव खाल्ला.

मौद्याकडे राखेच्या विटांच्या एका कारखान्यात कौशल्याबाई राबत. छातीत राख बसलेली. कारखान्याची चौकशी व्हावी, निदान लेक प्रीती तरी त्या राखेतून सुटावी, एवढ्यासाठी त्या ताईंशी बोलायला तयार झाल्या. मंगळाची गोष्ट ऐकून म्हणाल्या, "अशी कचेरी मौद्याले काहून नाही वं बाई?"

बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली, की ताई बटण दाबून मला थांबवत. "दम घ्या, कौशल्याबाई. रेकॉर्डिंग साफ आलं पाहिजे." ताईंची ती सवयच होती. तिकडे बाई तोंडाला पदर लावून गुदमरत आणि इकडे मी मुका!

उन्हाळ्यात कौशल्याबाई गेल्या. चौकशी बसली. ताईंनी मोठ्या आशेनं मला चौकशीच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आवाज तर ठणठणीत आहे. बाई एकदाही खोकली नाही." झालं, प्रकरण मिटलं.

तिथंच बसलेली प्रीती ताईंकडे वळली. "माय खोके तवा तुम्ही बटन दाबत होत्या काय, ताई?"

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला खणात टाकलं आणि कथा लिहिणंही सोडलं. तिथं मी धूळ खात पडलो.

परवा खण उघडला. समोर प्रीती बसली होती. आता मायच्या जागी तीच कामाला जाते. दोन वाक्यं बोलली आणि वाकून वाकून खोकू लागली. ताईंचं बोट सवयीनं बटणापाशी गेलं, पण त्यांनी ते दाबलं नाही. मी सगळं भरून घेतलं. फार वाईट वाटलं हो.

मित्रांनो, माझी काळजी नाही घेतली तरी चालेल. पण समोरचं माणूस असं खोकत असेल, तर मला बाजूला ठेवा आणि आधी त्याला दवाखान्यात न्या.