घराचं किती धरलं?

मी कल्याणीनगरच्या मागच्या रस्त्यावरचे एक जुने, बैठे घर आहे. मित्रांनो, घराने शांत उभे राहावे अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मला हल्ली ते जमत नाही. फाटकापाशी एखादी गाडी थांबली, कुणी मान उंचावून आत पाहिले, की माझ्या छपरावरचे पत्रे उगाच करकरतात. लोकांना वाटते वारा आहे. वारा नसतो.

मी बांधला गेलो, तेव्हा कल्याणीनगर हे नावही नव्हते. नदीपर्यंत ज्वारीची रानेच होती. गेनबांचे नुकतेच लग्न झाले होते. गावातल्या घरात भाऊ, भावजया, त्यांची मुले. पाय ठेवायला जागा नाही. म्हणून त्यांनी रानात स्वतंत्र घर बांधायचे ठरवले. नदीकाठच्या भट्टीवरून विटा बैलगाडीने आल्या. महिपती नावाच्या गवंड्याने भिंती उचलल्या आणि हाताखाली गेनबा स्वतः राबले. संध्याकाळी नवी नवरी तुळजाबाई कळशीने माझ्या ओल्या भिंतींवर पाणी मारी. त्या पाण्यानेच मी घट्ट झालो, असे मी अभिमानाने सांगत असे.

पुढची वर्षे कामात गेली. सुगीत माझ्या माजघरात ज्वारीची पोती छतापर्यंत लागत, पडवीत कांदा पसरलेला असे. त्यांच्या मुलाचा, पियुषचा, जन्म माझ्यात झाला. उन्हाळ्यात येरवड्याहून पाहुणे येत आणि पडवीत आडवे होऊन म्हणत, "गेनबा, काय गार घर बांधलंयस रं!" गेनबा हसून माझ्या भिंतीवर थाप मारत. त्या थापेसाठी मी दिवसभर ऊन सोसत असे.

मग शहर माझ्यापर्यंत चालत आले. परदेशी कंपन्या आल्या. खराडीकडे काचेच्या इमारती उठल्या. गेनबांनी राने एकेक करून विकली. मला आणि माझ्या भोवतीच्या मोठ्या आवाराला तेवढे राखले. डाव्या बाजूला पोहण्याचा तलाव असलेली सोसायटी झाली. उजव्या बाजूला आपोआप उघडणाऱ्या फाटकाचा बंगला आला. नव्या साड्यांच्या घडीत चुकून पोतेरे राहावे, तसे मी मधोमध राहिलो. सोसायटीतल्या बायका सकाळी आमच्या म्हशीचे दूध नेत आणि संध्याकाळी म्हशीच्या वासाची तक्रार करत. माझी कौले निसटली, तिथे पत्रे आले. चुन्याचे पोपडे निघाले. भिंतीवर थाप मारायचे गेनबा कधी विसरले, ते त्यांनाही कळले नाही.

पियुष मोठा झाला. कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ने-आण करणाऱ्या गाड्यांचा त्याने धंदा काढला. एक दिवस तो जेवताना म्हणाला, "आबा, बिल्डर मागे लागलेत. पण आपली प्रॉपर्टी काय लेव्हलची आहे, ते आधी कळायला हवं. मी एका व्हॅल्युअरला बोलावलंय. त्या येऊन प्रॉपर किंमत काढतील."

"घराची किंमत?" गेनबांनी विचारले.

"हो. सगळ्याचीच."

मित्रांनो, त्यानंतर आमच्या घरी मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखी धांदल उडाली. गेनबांनी मला चुना दिला. दाराला तेल पाजले. म्हैस मागच्या शेडच्या आड नेऊन बांधली. मीही माझ्या परीने सरळ उभे राहायचा प्रयत्न करत होतो. किती वर्षांनी माझ्याकडे कुणी पाहणार होते!

व्हॅल्युअर आल्या. प्रियदर्शनी त्यांचे नाव. वयाने लहान, बोलायला नेमक्या. त्यांनी टेप काढला आणि कुंपणाच्या कडेकडेने चालत गेल्या. रस्त्याची रुंदी पाहिली. सोसायटीकडे मान वर करून किती मजले आहेत ते पाहिले. झाडे पाहिली. माझ्याकडे पाठ करून त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. गेनबा त्यांच्या मागेमागे फिरत होते.

"बाई, आत या की. च्या घ्या."

त्या आत आल्या, पडवीत बसल्या, चहा घेतला. गेनबांना धीर निघेना.

"आन् घराचं किती धरलं?"

प्रियदर्शनीबाईंनी कप खाली ठेवला. "आजोबा, घराचं आम्ही काही धरत नाही. किंमत जागेची. घेणारा हे पाडणारच ना? त्यामुळे बांधकाम शून्य. खरं म्हणजे पाडायचा खर्च वजा होतो."

"शून्य?"

"हो. वाईट वाटून घेऊ नका. इथल्या सगळ्याच जुन्या घरांचं तसंच असतं."

त्या वाईट नव्हत्या. त्यांचे काम त्यांनी चोख केले होते. पण त्या गेल्या आणि मला माझ्याच भिंती परक्या वाटू लागल्या. वासे आहेत की नाहीत, असा मला संशय येऊ लागला.

गेनबांची तर झोपच उडाली. जेवता जेवता ते ताटावरून उठायचे, भिंत चाचपायचे. मग एके सकाळी त्यांनी सिमेंटचे पोते आणले. फटी बुजवू लागले. शिडी लावून छपरावर चढले. तुळजाबाई खालून ओरडल्या, "अवं, उतरा खाली! हाडं मोडून घ्यायची हौस आलीय का?" ते उतरले नाहीत. ओटीची भिंत झाली, की पडवीची; पडवीची झाली, की पुन्हा ओटीची. मला बरे वाटायला हवे होते. पण बुजवलेली फट ते पुन्हा उकरून बुजवत होते आणि त्यांची धास्ती माझ्यात उतरत होती.

पियुष एकदा चिडला. "आबा, लॉजिक काय आहे याला? पाडायच्या घराला कुणी प्लॅस्टर करतं का?"

"त्या बाईला परत बोलाव. म्हणावं, आता बघ."

"त्याने काही फरक पडत नाही!"

"फरक पडत न्हाई?" गेनबांनी थापी खाली आपटली. "आरं, माणसं राहिलीत हितं. तुझ्या आईला इचार. जन्म काढला तिनं या घरात. इचार तिला, काय हाय या घरात ते!"

तुळजाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पियुषने त्यांच्याकडे पाहिले. गेनबांनी पाहिले. मीही कान टवकारले. मला खात्री होती. संसार करत त्या माझ्यातच म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्या नक्की माझी बाजू घेणार होत्या.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या.

"सांग की."

"इका."

गेनबा दोन पावले पुढे आले.

"इका म्हणते मी. मला न्हाई आवडत हे घर. कधीच न्हाई आवडलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. सुपातले तांदूळ तेवढे थांबले होते. "सैपाकघरात अंधार. दिवसा दिवा लावल्याबिगर खडा दिसत न्हाई. धूर जायला वाट न्हाई. आधी चुलीपुढं बसले, मग ग्यास आला तर तोबी जमिनीवरच. ओटा हवा का, असं कुणी इचारलं न्हाई. गुडघं गेलं, डोळं गेलं."

"आगं, पण बोलली न्हाईस कधी…"

"महिपती गवंडी इचारत हुता, सैपाकघराला खिडकी ठिवू का. तुम्ही म्हणालात, नको, रस्त्यावरनं बाईमाणूस दिसतं. मी मागंच हुते, कळशी घिऊन. नवी नवरी काय बोलणार?"

एवढे बोलून त्या सूप उचलून आत गेल्या. आत, त्या अंधारात.

मित्रांनो, प्रियदर्शनीबाईंनी मला शून्य म्हटले, तेव्हा दुखले होते. पण त्या पडवीपर्यंतच आल्या होत्या. तुळजाबाईंनी माझी किंमत आत राहून काढली होती. सगळे ज्याची तारीफ करत, तो गारवा पडवीचा होता. तिथे बसणारे हवा खात होते. ज्या भिंतींना तुळजाबाईंनी पाणी पाजले, त्याच भिंतींनी त्यांना कोंडले होते.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई भाकरी थापायला बसल्या आणि गेनबा आत येऊन त्यांच्या शेजारी खाली बसले. तवा तापला, मिरच्यांची फोडणी बसली. गेनबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते खोकत खोकत बसून राहिले आणि शेवटची भाकरी उतरल्यावरच उठले. बाहेर येऊन त्यांनी हाक मारली, "पियुष, छिन्नी-हातोडा आण."

"आता काय पाडताय?"

"खिडकी."

पियुष काहीतरी बोलणार होता. मग त्याने आईकडे पाहिले, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि हातोडा स्वतःच्या हातात घेतला.

घाव माझ्यावर पडत होते. विटा निखळत होत्या. मला वेदना झाल्या, हे नाकारणार नाही. पण शेवटची वीट पडली आणि मला बांधल्यापासून पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात ऊन आले. कोपऱ्यातली काजळी मला प्रथमच दिसली आणि लाज वाटली. त्याच आठवड्यात उभ्याने काम करता येईल असा ओटाही झाला. तुळजाबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गॅलरीतल्या बाई त्यांना पाहून हसल्या, याही हसल्या. रस्त्यावरून बाईमाणूस दिसत होते. कुणाचे काहीही बिघडले नाही.

"आता तरी बरं हाय का?" गेनबांनी मागून विचारले.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "पर इकायचं ते इकायचंच. चौथ्या मजल्यावर, लिफ्टवाल्या घरात राहायचंय मला."

आठ-दहा दिवसांनी बिल्डरचा माणूस माझ्या जागी होणाऱ्या इमारतीतल्या त्यांच्या नव्या घराचे, गुळगुळीत कागदांवरचे रंगीत नकाशे घेऊन आला. त्याने ते गेनबांपुढे पसरले. गेनबांनी ते उचलून तुळजाबाईंपुढे ठेवले.

"सैपाकघर कुठं?" तुळजाबाईंनी विचारले. त्याने बोट ठेवले.

"उजेड कुठनं येतो?"

"आजी, मॉड्युलर किचन आहे. एक्झॉस्ट फॅन देतोय आपण."

"खिडकी?"

"खिडकी… डक्टकडे आहे. म्हणजे पाइप जातात त्या अरुंद बोळाकडे."

तुळजाबाईंनी नकाशाची नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिली. "परत काढून आणा."

तो माणूस अजून आलेला नाही. येईलच. म्हणून तर गाडी थांबली की माझे पत्रे करकरतात.

मित्रांनो, मला उभे ठेवा, असे मी म्हणणार नाही. ते मागायचा माझा हक्क नाही. घरांची डागडुजी करा, कौले फुटली तर बदला, भिंतींना ओल धरू देऊ नका. पण त्याआधी घरात जी सगळ्यात जास्त राबते, तिला विचारा, की तुला इथे कसे वाटते. आणि ती जे सांगेल ते ऐकून घ्या, जरी तुम्ही ते घर स्वतःच्या हातांनी बांधलेले असले तरी.